डिचोलीचा पाऊस आणि शकरगडची धूळ

गुरुवार, रात्री

रणगाड्याच्या मॉडेलवरचा हिरवा थर वाळला, असं आज मान्य करून टाकलं. चवथीच्या आधीच्या या दिवसांत डिचोलीत काही वाळत नाही, वाळल्यासारखं दिसतं एवढंच. कॉम्प्रेसरच्या नळीवर पाणी अडवणारी वाटी असते, ती बघता बघता भरते. फवारणी थांबवून ती रिकामी करायची, नाहीतर रंगाबरोबर पाण्याचा थेंब टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटावर. लॅकरचं तर विचारूच नका. त्यातला द्रावक भसकन उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतला दमटपणा त्यावर बसतो आणि रंग पांढुरका होतो. म्हणून सावकाश उडणारा थिनर घ्यायचा आणि दोन सरींमधल्या उघडिपीत काम उरकायचं. मॅट वार्निश तर चवथीनंतरच, नीट ऊन पडायला लागल्यावर.

रणगाडा सेंच्युरियन आहे, १/३५ मापाचा. हे माप काही गणितातून आलेलं नाही. टामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर काढला, तेव्हा आत बॅटऱ्या मावाव्यात म्हणून जो आकार ठरला तो ३५ने भागल्यासारखा निघाला. पुढे सगळं जग त्याच मापावर आलं.

मी करतेय तो डिसेंबर १९७१च्या युद्धातला, पूना हॉर्स या आपल्या रणगाडा पलटणीचा. नावानिशी कुठलाही नाही. फामागुस्ता करायचा मोह झाला होता. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबरला शकरगड भागात, बसंतर नदीपलीकडे ज्या रणगाड्यात लढले, तो. पण त्याचा शेवट माहीत आहे. तो पेटला होता, आणि तोफ चालतेय म्हणून तो सोडायला त्यांनी नकार दिला होता. वय एकवीस. तो रणगाडा पुढे दुरुस्त करून नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये ठेवला आहे. त्याच्यावर मी टर्पेंटाइनमधला मळ चढवत बसावं, हे मनाला पटेना. त्याच्या मागून आलेला कुठलातरी चालेल, क्रमांक चिखलाखाली गेलेला.

शनिवार

पतसंस्था दुपारी बंद झाली. मग पडवीतल्या टेबलावर चिपिंग, म्हणजे रंग खरवडल्याच्या खुणा काढणं.

शेजारचे काका आले. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं खाणीवर टिपर चालवला. खनिज भरायचं आणि मांडवीच्या जेटीवर बार्जमध्ये रिकामं करायचं. २०१२ला खाणी बंद पडल्या तेव्हा त्यांचा ट्रक दाराशी उभा राहिला. पुढे थोडं सुरू झालं, मग २०१८ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं आणि पुन्हा सगळं ठप्प. तो ट्रक त्यांच्या अंगणात कसा सडत गेला ते मी रोज येता-जाता बघत होते. हौद्याच्या कडेला रंगाला आधी फोड येतात, फोड फुटून पोपडे सुटतात, पोपड्याच्या खालून नारिंगी ओघळ निघतो, आणि वर्षभराने तोच ओघळ काळपट तपकिरी होतो. मळ चढवण्याचं शिक्षण मला फुकट मिळालं.

काका थोडा वेळ बघत राहिले. "नव्या वस्तूला गंज कशाला लावतेस गो बाय?"

"गंज नाही काका, रंग खरवडलाय फक्त."

"मग नारिंगी का?"

बरोबर बोलले. स्पंजाच्या टोकावर मी गडद तपकिरीत थोडा नारिंगी मिसळला होता, कारण आपला हात तिकडेच जातो. खाऱ्या हवेत वाढलेल्या माणसाला लोखंड म्हटलं की नारिंगीच दिसतं. खिडकीचे गज, सायकल, पंपाचा दांडा, सगळं तसंच. पण हा रणगाडा पलटणीत रोज हाताळला जाणारा, डिसेंबरच्या कोरड्या थंडीतला. त्याचा रंग निघाला तर खाली गडद पोलाद दिसेल, फार तर दवाने आलेली तपकिरी झाक. ओघळ धरायला काही पावसाळे लागतात, आणि बसंतरची लढाई काही दिवसांची. १७ डिसेंबरला तर युद्धविरामच झाला.

हेअरस्प्रेची युक्ती मी म्हणूनच वापरली नाही. खाली गंजाचा रंग, वर हेअरस्प्रे, त्यावर हिरवा, मग ओल्या ब्रशने घासलं की हिरव्याचे पोपडे निघतात. फार सुंदर दिसतं. पण ते काकांच्या टिपरचं चित्र होतं, रणगाड्याचं नाही.

एकाच जागी गंजाला पूर्ण मुभा आहे, मागच्या मडगार्डांवरच्या सायलेन्सरांवर. तापून तापून तिथला रंग जळतो आणि उघडं लोखंड गंजतं. तिथे मी हात मोकळा सोडला. हौस भागली.

रविवार

आज मातीचा दिवस.

घरामागे जांभ्याची तांबडी माती आहे. वाळवून, कुटून, मलमलच्या फडक्यातून चाळली की बाजारच्या पिगमेंटपेक्षा सरस पूड मिळते. बरणी भरून ठेवलेली आहे. आणि तिचा एक कणही या रणगाड्याला लावायचा नाही! पाकिस्तानी पंजाबातला शकरगडचा भाग म्हणजे नद्यांनी आणून टाकलेला गाळ; भुरकट, करडा, वाळला की जवळजवळ फिकट पिवळा. जांभ्याचा तांबडेपणा लोहाचा, तोही धो धो पावसाने बाकीचं धुऊन नेल्यावर मागे उरलेल्या लोहाचा. पंजाबात तसा पाऊस नाही, तशी माती नाही. तांबडी धूळ बसवली की हा रणगाडा १९६५च्या लढाईतल्या खेमकरणचाही राहत नाही आणि शकरगडचाही. तो इथल्या साखळी गावाहून जेटीकडे निघालेला दिसतो.

मग म्हापशाच्या दुकानातून आणलेली मुलतानी माती काढली. बायका तोंडाला लावतात तीच. तिच्यात चुलीतली चाळलेली राख आणि चिमूटभर अंबर, म्हणजे मातकट तपकिरी रंगाची पूड. ओल्या जागेसाठी त्यात अंबर जास्त. मुलतान शकरगडपासून बरंच लांब आहे, पण एकाच पंजाबातलं, चालवून घेते.

मिरामारची वाळू घालून चिखलाला खरखरीतपणा आणता येईल असं एकदा मनात आलं. हिशोब केला. वाळूचा अर्ध्या मिलिमीटरचा कण म्हणजे खऱ्या रणगाड्यावर पावणेदोन सेंटिमीटरचा खडा. गाळाच्या शेतात खडे कुठून येणार? एक मिलिमीटर जाडीचा चिखल म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा लपका, तो चाकांजवळ ठीक, टरेटवर हास्यास्पद. रंग खरवडलेल्या ठिपक्यांचंही तेच. ब्रशने सहज पडलेला ठिपका तिकडे तळहाताएवढा होतो. प्रदर्शनांत दिसणारी निम्मी मॉडेलं याच एका गोष्टीत मार खातात असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी तिथे बोलत नाही.

रंग फिका का घ्यायचा याचंही उत्तर त्याच भागाकारात आहे. मॉडेल मी एका फुटावरून, म्हणजे तीस सेंटिमीटरवरून बघते. ते खऱ्या रणगाड्याकडे साडेदहा मीटरवरून बघण्याइतकं झालं. मधली हवा रंग थोडा खाते. त्यामुळे डबीतला हिरवा जसाच्या तसा मारला तर मॉडेल काळंकुट्ट दिसतं. मी त्यात थोडा पिवळसर मातकट मिसळला. त्या युद्धाचे बहुतेक फोटो कृष्णधवल आहेत, तेव्हा नेमक्या छटेवरून कुणी भांडायला आलं तर मी दार उघडणार नाही.

मंगळवार

ऑइल रंग. खालचा थर ॲक्रिलिकचा, म्हणून टर्पेंटाइन बिनधास्त वापरता येतं, ते त्याला धरत नाही. वर आधी ग्लॉस वार्निश, नाहीतर वॉश, म्हणजे खाचांत सोडायचा पातळ रंग, जिथे टेकवला तिथेच डाग होऊन बसतो. गुळगुळीत पृष्ठभागावर तो खाचेतून आपोआप धावतो. झाकणांभोवती, बोल्टांभोवती, वेल्डच्या रेघेत.

मग ओघळ. इथे काकांचा टिपर पुन्हा कामी आला, रंगासाठी नाही, वागणुकीसाठी. धूळ आधी आडव्या जागांवर बसते. पाणी किंवा दव तिला ओढून कडेपर्यंत आणतं, कडेवर थेंब थांबतो, आणि तिथून खाली एक रेघ सुटते, वर रुंद आणि खाली निमुळती. माणसाचा हात जिथे जातो तिथे धूळ राहत नाही, तेलकट चकाकी येते. गाडी तांबड्या मातीतली असो की भुरकट, हे नियम बदलत नाहीत. रंग तिकडचा आणि चालीरीत इथली, असं मी या मॉडेलपुरतं ठरवलं आहे.

एक गोष्ट मात्र टिपरवरून घेता येत नाही. टिपर डिझेलचा, त्याच्या टाकीखाली कायमचा काळा चिकट पट्टा. सेंच्युरियनचं मीटिओर इंजिन पेट्रोलवर चालायचं. विमानांच्या मर्लिनचं जमिनीवरचं भावंड. पेट्रोल सांडलं तर उडून जातं. जाताना धूळ धुऊन नेतं आणि कडेला फिकट वळ सोडतं. म्हणून टाकीच्या झाकणांजवळ मी काळं न लावता उलट धूळ पुसली. त्यावर एकदोन ताजे ओलसर डाग. काळं राखून ठेवलं ते इंजिन ऑइलसाठी, तेही थोडंच.

बाजूच्या पत्र्यांनी चाकांचा वरचा भाग झाकला जातो, तिथे चिखल रंगवण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. पत्र्याच्या खालच्या कडेला मात्र ओला थर, त्यावर वाळलेला, त्यावर पुन्हा शिंतोडे. ट्रॅकचे पट्टे मँगनीज पोलादाचे. जमिनीला घासणारा भाग सतत उजळलेला. तिथे पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळलं. याहून महाग काही लागत नाही.

शुक्रवार

संध्याकाळी चित्रशाळेत गणपती बघायला गेले. कारागीर पितांबराला एअरब्रश मारत होते. माझ्यापेक्षा कितीतरी मोकळा हात, थांबणं नाही, कोपरापासून सगळा हात फिरतो. रंग झाला की मूर्ती दारापाशी उजेडात आणून बघतात, मग पुन्हा दिव्याखाली. घरी येऊन मी रणगाडा सकाळच्या उजेडात बघायचं ठरवलं. ट्यूबलाइटखाली मुलतानी धूळ हिरवट दिसते आणि मी उगाच तपकिरी वाढवत बसते.

घरी काका पडवीत वाट बघत बसलेले. त्यांना ड्रायव्हरच्या झाकणाजवळची घासट पसंत नाही. सेंच्युरियनचा ड्रायव्हर पुढे उजवीकडे बसतो, म्हणून मी उजव्या मडगार्डवर बुटांनी रंग उडालेला दाखवला होता, चढायच्या जागी.

"चढताना माणूस जपून पाय ठेवतो," काका म्हणाले. "रंग उडतो तो उतरताना. दमलेला असतो, धप्पकन टाच आपटतो."

मी म्हटलं, रणगाड्यातून कोण धप्पकन उतरतं, वरच्या झाकणातून हातांवर भार देऊन अंग बाहेर काढावं लागतं. म्हणजे झाकणाची कड जास्त घासायला हवी. ते म्हणाले, कड घास, पण टाचही दाखव. अर्धा तास गेला. शेवटी दोन्ही केलं, आणि टाचेची खूण खरंच बरी दिसतेय, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. रविवारी कमांडरच्या झाकणाचं काम आहे, तिथे तो कोपर कुठे टेकवत असेल यावर त्यांचं मत तयार असणारच.