जुन्या रुग्णांच्या उत्तरांना किती वजन द्यायचं?

एका रुग्णालयाच्या संशोधन विभागात मी संख्याशास्त्राचं काम बघते. डोकं-मानेच्या कर्करोगावरच्या नव्या उपचारांची एक लहान चाचणी चालू होती आणि रुग्ण मोजकेच मिळत होते. उपचारांच्या काळात माणूस कसा जगतोय हे आम्ही क्यूएलक्यू-सी३० प्रश्नावलीवरून पाहतो. प्रश्न ३०, गुण ० ते १००. नेहमीचेच उपचार घेतलेल्या जुन्या रुग्णांची उत्तरं हाताशी असताना ती न वापरणं मला पटत नाही. ती तुलनेसाठी वापरली, तर चाचणीत ओढाव्या लागणाऱ्या आजारी माणसांची संख्या कमी होते.

इब्राहिम आणि चेन या संख्याशास्त्रज्ञांनी २००० साली मांडलेल्या ‘पॉवर प्रायर’ पद्धतीत जुन्या माहितीला ० ते १ मधला भार देतात. भार ०.३ असेल, तर सरासरी काढताना जुने १०० रुग्ण साधारण ३० नव्या रुग्णांइतके धरले जातात.

त्या दिवशी जुने-नवे आलेख शेजारी ठेवले. चालणं, ओझं उचलणं यांचे गुण जवळजवळ सारखे. भावनिक गुण मात्र जुन्या रुग्णांचे कितीतरी चांगले! वय, आजाराचा टप्पा, उपचार, सगळं ताडून पाहिलं; कुठेच फरक नाही. शेवटी वॉर्डात जाऊन जुन्या सिस्टरना विचारलं.

“मॅडम, तेव्हा प्रश्न आम्हीच वाचून दाखवायचो. खाटेशेजारी नवरा नाहीतर मुलगा उभा. ‘गेल्या आठवड्यात उदास वाटलं का?’ म्हटलं की बाई मुलाकडे बघायची आणि म्हणायची, ‘छे हो, मला काय धाड भरलीय!’”

आता रुग्ण एकटे बसून फॉर्म भरतात. वाचता न येणाऱ्यांना वेगळ्या खोलीत वाचून दाखवतात.

जुने रुग्ण तुलनेला घेताना मोजमापाची पद्धत तीच हवी, हे संख्याशास्त्रज्ञ पोकॉक यांनी १९७६ मध्येच लिहून ठेवलंय. आमच्याकडे कागद तोच होता, विचारण्याची रीत बदलली होती.

डॉक्टरांना एकच भार सगळीकडे हवा होता. मी अडून राहिले. त्या बाईनं मुलासाठी लपवलेलं दुःख खरा आकडा म्हणून धरलं असतं, तर आजच्या रुग्णांचा प्रामाणिकपणा नव्या उपचारांचा दोष ठरला असता. भावनिक गुणांना शून्य भार ठेवला, शारीरिक गुणांना जुनी माहिती घेतली. कोणाला कुठले उपचार मिळाले हे उघड होण्याआधीच ते आराखड्यात लेखी नोंदवलं.

सिस्टरांच्या सांगण्यावरून फॉर्मवर दोन रकाने वाढवले: प्रश्न कोणी वाचले, आणि तेव्हा शेजारी कोण होतं.