तुम्ही विचारलंत म्हणून : तेच तेच काम करणारी माणसं मिळतात कुठनं?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. नवा धंदा टाकणारी पोरं हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर त्यांनी मनात ठरवलेलंच असतं : मुकाट माणूस बघायचा. मला ते पटत नाही. मुकाट माणसालाही कंटाळा येतो, तो बोलत नाही इतकंच. मग एक दिवस पगार घेऊन जातो तो परत येतच नाही.

मी एवढंच बघतो, माणूस विरंगुळा कामात शोधतो की कामाबाहेर. आमच्याकडं एक मावशी कास्टिंगची बर, म्हणजे ओतीव भागाच्या कडेला राहिलेली धारदार कोर, काढतात. आधी बोअरच्या, म्हणजे भोकाच्या, कडेवरनं अंगठा फिरवतात, मग गोल कानस लावतात. कुठं जास्त घासायचं ते अंगठा सांगतो. म्हटलं, सगळी सारखीच की. तर म्हणाल्या, "एकासारखं एक कुठं असतंय? परतेकाचा नखरा येगळा." १९१३ मध्ये ह्यूगो म्युन्स्टरबर्ग या मानसशास्त्रज्ञानं अशाच एका बाईबद्दल लिहिलंय. विजेचे दिवे कागदात गुंडाळायचे, दिवसाला १३,०००, आणि तेही १२ वर्षं. तिला त्यात गंमत वाटायची!

ड्रिलवरचा पोरगा अगदी उलटा. तोंडाला विश्रांती नाही. जेवणाआधी कुणाची पेटी भरते यावर शेजारच्याशी पैज. ड्रिल फिरताना मान वळवायची नाही, एवढीच माझी अट. त्याला गप्प बसवलं की जॉब, म्हणजे हातातला नग, बिघडलाच म्हणून समजा.

तपासणीला मात्र स्वभाव पुरत नाही. नॉर्मन मॅकवर्थनं १९४८ मध्ये एक प्रयोग मांडला. घड्याळासारखा काटा टकटक पुढं सरकतोय, मधेच कधीतरी दुप्पट उडी मारतो, ती पकडायची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका वाढल्या. म्हणून माप तपासायचं गेज घेऊन मी मावशींनाही सलग बसवत नाही.

माणूस निवडताना मुलाखत घेत नाही. जॉबची पेटी देतो आणि तासाभरानं लांबनं बघतो. कुणी पेटीतला माल आपल्या सोयीनं लावून घेतलेला असतो, कुणी शेजाऱ्याचं गाव विचारत असतो. मोबाईल काढणाऱ्यालाही लगेच घालवत नाही. मालावर मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगवाल्याकडं टेम्पोबरोबर जायला कुणीतरी लागतंच.