कोंबडीच्या पिल्लांचा ब्रूडर गिनीला चालतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरी गिनी फाउलची (कोंबडीसारखाच एक ठिपकेदार पाळीव पक्षी) पिल्लं वाढवते असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो: कोंबडीच्या पिल्लांसाठी केलेला उबेचा खोका, म्हणजे ब्रूडर, यांना चालेल का? चालेल. खोका तोच, बल्बही तोच. बदलायचं ते पाण्याचं भांडं आणि पायाखालचं अंथरूण.

आधी पाणी, कारण माझ्या मते उबेपेक्षाही जास्त घात तिथेच होतो. गिनी मूळची आफ्रिकेतली, कोरड्या माळरानांवरची. मोठी झाली की काटक, पण पिल्लू भिजलं की गारठतं आणि गारठलं की दगावतं. गवतावरच्या दवानेसुद्धा हे होतं, आणि आई तर पिल्लांना त्याच गवतातून हिंडवते! म्हणून तर ब्रूडरचा एवढा खटाटोप. कोंबडीच्या पिल्लांचं भांडं यांना खोल पडतं. अगदी उथळ भांडं घ्या आणि त्यात काचेच्या गोट्या नाहीतर धुतलेले खडे भरा. चोच बुडली पाहिजे, अंग नाही. पहिल्या दिवशी पाणी कोमट ठेवा आणि एकेकाची चोच हलकेच बुडवून पाणी दाखवा. भांड्याभोवतीचं अंथरूण ओलं झालं की लगेच काढून टाका. ओल्या, उबदार अंथरुणात कॉक्सिडिओसिस हा आतड्यांचा रोग फोफावतो.

खाली वर्तमानपत्र अंथरू नका. गुळगुळीत कागदावर पाय घसरून फाकतात, आणि वेळीच लक्ष गेलं नाही तर ते पिल्लू कायमचं अधू होतं. सुरुवातीचे काही दिवस खरखरीत कापड बरं. खाद्य कुठलं हे पिल्लांना कळलं की मग लाकडाचा जाडसर भुसा घाला. आधीच घातला तर तोच टिपत बसतात.

उबेचं गणित सोपं आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. थर्मामीटर ठेवाच, पण शेवटी ऐकायचं पिल्लांचं. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय. लांब जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उकडतंय. म्हणून बल्ब खोक्याच्या एका टोकाला हवा, दुसरं टोक थोडं गार. तो साखळीने पक्का टांगा, नुसत्या वायरवर लोंबकळत ठेवू नका. टेफ्लॉनचा लेप असलेला बल्ब तर नकोच. तापला की त्यातून निघणारी वाफ पक्ष्यांचा जीव घेते. पिल्लं यायच्या आदल्या दिवशीच सगळं चालू करून तापमान स्थिर झालंय का ते बघा.

गिनी जात भित्री. भांडं पडल्याचा आवाज झाला तरी सगळी एका कोपऱ्यात चेंगरतात आणि खालची गुदमरतात. पुठ्ठा वाकवून कोपरे गोल करा. वर जाळीचं झाकण पहिल्या दिवसापासून असू द्या, कारण दुसऱ्या आठवड्यात ती उडायला बघतात.

खाद्यात २४ ते २६ टक्के प्रथिनं हवीत, त्यामुळे टर्कीचं स्टार्टर, म्हणजे टर्कीच्या लहान पिल्लांचं खाद्य, उत्तम. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य देऊ नका, त्यातलं कॅल्शियम पिल्लांना झेपत नाही. अंगभर पिसं यायला पाच-सहा आठवडे लागतात. तोवर बाहेर सोडायची घाई नको, पावसाळी हवेत तर मुळीच नको.