शंभर किलोचं नाणं आणि आजीच्या पुतळ्या

बर्लिनमध्ये माझी एस-बान, म्हणजे इथली लोकल, रोज सकाळी हाकेशर मार्क्ट स्टेशन सोडते आणि लगेच श्प्रे नदीवरून म्युझियम आयलंडवर येते, तिथे रूळ अक्षरशः दोन म्युझियमच्या मधून जातात, डावीकडे पेर्गामोन आणि उजवीकडे बोडे. बोडे म्युझियमची भिंत इतकी जवळ असते की खिडक्यांच्या चौकटी नीट दिसतात. त्यातल्याच एका खिडकीतून मार्च २०१७ मध्ये शंभर किलो सोन्याचं नाणं बाहेर काढलं गेलं, आणि हे समजल्यापासून मी त्या दोन मिनिटांत फोन खाली ठेवून बाहेर बघते.

ज्यांना ही केस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कॅनडाच्या टांकसाळीने २००७ साली 'बिग मेपल लीफ' नावाची मोजकीच नाणी काढली, एका बाजूला राणी एलिझाबेथ आणि दुसऱ्या बाजूला मेपलची पानं. व्यास ५३ सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या परातीएवढं, वजन पूर्ण १०० किलो आणि शुद्धता ९९.९९९ टक्के. नाण्यावर किंमत छापलेली दहा लाख कॅनेडियन डॉलर, पण नुसत्या सोन्याचीच किंमत चोरीच्या वेळी सुमारे पावणेचार मिलियन युरो होती (आज तर भाव कुठच्या कुठे गेलाय). त्यातलं एक नाणं एका खासगी मालकाने बोडेला प्रदर्शनासाठी दिलं होतं, २०१० पासून ते तिथल्या नाणेसंग्रहात बुलेटप्रूफ काचेच्या पेटीत होतं.

२७ मार्चच्या पहाटे, साधारण साडेतीनच्या सुमाराला, तिघं जण हाकेशर मार्क्टवरून रुळांवर उतरले आणि चालत म्युझियमपर्यंत आले. त्या वेळी गाड्या बंद असतात. शिडी लावून कर्मचाऱ्यांच्या कपडे बदलायच्या खोलीच्या खिडकीतून आत शिरले, आणि नेमका त्याच खिडकीचा अलार्म चालू नव्हता. कुऱ्हाडीने काच फोडली, नाणं चाकांच्या फळीवर ठेवून त्या खिडकीपर्यंत आणलं आणि खाली रुळांवर टाकलं. मग हातगाडीत, म्हणजे आपल्याकडे बांधकामावर एकचाकी गाडी असते ना तीच, त्यात घालून रुळांवरून ढकलत नदी पार केली, मोनबिजू पार्कपाशी दोराने खाली उतरवलं आणि गाडीत टाकून पसार. अख्ख्या बर्लिनच्या मध्यात, जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर मर्केल यांचं घर समोरच्या काठावर, आणि एक एकचाकी गाडी.

पोलिसांनी काही महिन्यांत माणसं पकडली, बर्लिनमधल्या एका कुप्रसिद्ध मोठ्या कुटुंबातली. म्युझियममध्ये नुकताच लागलेला एक रखवालदार त्यांच्यातल्याच एकाचा शाळेतला मित्र निघाला. फेब्रुवारी २०२० मध्ये दोन चुलत भावांना प्रत्येकी साडेचार वर्षं, रखवालदाराला तीन वर्षं चार महिने अशी शिक्षा झाली, चौथा आरोपी सुटला. नाणं मात्र सापडलं नाही. सापडलं काय, तर सोन्याचे कण, कपड्यांवर आणि गाडीत, तपासले तर शुद्धता तीच पाच नऊवाली. एवढं शुद्ध सोनं रोजच्या दागिन्यात नसतंच, त्यामुळे तो पुरावा महत्त्वाचा ठरला. शंभर किलोमधलं तेवढंच काय ते हाती लागलं.

मी जेव्हा पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला नाण्याबद्दल खरं सांगायचं तर फार वाईट वाटलं नव्हतं. दहा वर्षांचं नाणं, तसलीच अजून आहेत, इतिहास असा काही नाही. उलट हायसं वाटलं, कारण बोडेच्या त्या संग्रहात पाच लाखांहून जास्त वस्तू आहेत, ग्रीक, रोमन, आणि सगळ्या जगभरातल्या, आणि चोरांनी त्यातलं काहीच न घेता सगळ्यात जड वस्तू उचलली. पण मग विचार करता करता त्याचाच त्रास व्हायला लागला. त्यांना समोर नाणं दिसलंच नव्हतं, त्यांना वजन दिसलं होतं. चित्र चोरलं तर ते चोराला जपावं लागतं, कारण कॅनव्हास फाडला की किंमत शून्य, म्हणून चोरलेली चित्रं वीस वर्षांनीसुद्धा कुठल्या तरी माळ्यावर सापडतात. सोन्याचं तसं नाही. १०६४ अंशांना ते वितळतं, आणि वितळलं की ते कुणाचं होतं, कुठलं होतं, कोणाचा चेहरा होता, काही म्हणजे काही उरत नाही, भाव मात्र तोच राहतो. आणि शंभर किलो म्हणजे किती तर तेलाच्या पाच लिटरच्या कॅनपेक्षा जरासं जास्त, बस. तुकडे केले तर किती सहज गायब होईल बघा.

आणि मग २०२२ मध्ये मांखिंगची चोरी झाली. जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातलं छोटंसं गाव, तिथे १९९९ च्या उत्खननात केल्टिक लोकांची, म्हणजे युरोपातल्या प्राचीन लोकांची, ४८३ सोन्याची नाणी सापडली होती, दोन हजार वर्षांपूर्वीची, गेल्या शतकात सापडलेला केल्टिक सोन्याचा सगळ्यात मोठा साठा. ही नाणी वाटीसारखी खोलगट असतात, जर्मनमध्ये त्यांना इंद्रधनुष्याच्या वाट्या म्हणतात, कारण शेतकऱ्यांना ती नांगरलेल्या शेतात पाऊस पडून गेल्यावर चमकताना दिसायची आणि लोकांना वाटायचं इंद्रधनुष्य जिथे टेकलं तिथेच ही पडली. नोव्हेंबरमधल्या एका रात्री चोरांनी आधी गावाच्या टेलिफोनच्या केबल कापल्या म्हणजे अलार्मचा निरोपच जाणार नाही, आणि म्युझियममध्ये आत जाऊन नऊ मिनिटांत सगळं घेऊन बाहेर. पुढच्या वर्षी आरोपी पकडले तेव्हा एकाकडे सोन्याचे गोळे मिळाले, १८ गोळे. तपासणीत निघालं की ते त्याच नाण्यांचे, साधारण चार-चार नाणी एकत्र आटवून एकेक गोळा केलेला. म्हणजे सत्तरएक नाणी गेलीच. दोन हजार वर्षं मातीत राहून टिकली आणि कुणाच्या तरी बर्नरखाली संपली. बाकीच्यांचा अजून पत्ता नाही. हे वाचून मी खरंच रडले होते, ऑफिसच्या पँट्रीत उभी राहून.

मला एवढं लागायचं कारण माझ्या घरात आहे. आजीची पुतळ्यांची माळ होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते, पुतळी म्हणजे पातळ गोल चकती, नाण्यासारखी, त्यावर उभी आकृती उठवलेली, आणि अशा वीस-पंचवीस रेशमाच्या दोऱ्यात गाठवलेल्या. मुळात हे नाव व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवरून आलंय, डुकॅट, त्यांच्यावर उभी माणसं असायची म्हणून आपल्याकडे त्यांना पुतळी म्हणायला लागले, व्यापारातून आलेली नाणी बायकांच्या गळ्यात गेली आणि मग सोनारांनी तशाच चकत्या इथे पाडल्या. आपलं सोनं असंच फिरत आलंय, नाण्याचं दागिना, दागिन्याची लगड, लगडीचं परत काहीतरी. शिवरायांनी राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचे होन पाडले, आज ते इतके दुर्मिळ का आहेत याचं मोठं कारण मला तरी हेच वाटतं, बरेचसे मुशीत, म्हणजे सोनं आटवायच्या भांड्यात, गेले असावेत.

आजीची माळ माझ्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनच्या वेळी मोडली. मी सतरा वर्षांची होते, आईबरोबर साताऱ्यातल्या सोनाराच्या पेढीवर गेले होते. त्याने दोरा कापला, पुतळ्या एकेक करून काट्यावर टाकल्या, मग सगळ्या मुशीत घातल्या, वर टाकणखाराची चिमूट टाकली आणि गॅसची ज्योत धरली. आधी कडा गोल झाल्या. मग एक पुतळी दुसरीत बसल्यासारखी झाली, आकृत्या दिसेनाशा झाल्या, आणि एका क्षणाला सगळं मिळून एक थेंब झाला, पिवळा नाही, हिरवट पांढरा, थरथरणारा. सोनार म्हणाला, "बघ बाळा, कचरा असेल तो सगळा वर येतो." आई ज्योतीकडे बघत नव्हती, दुकानाबाहेर रस्त्याकडे बघत उभी होती. मला तेव्हा कळलं नाही. तिने जे केलं ते माझ्यासाठी केलं आणि त्यात चूक काहीच नव्हतं, सोनं अडीनडीलाच असतं असं आजीच म्हणायची. पण त्या चोरांनी मुशीत टाकलं ते त्यांचं नव्हतं, आणि आमचं आमचं होतं, एवढा फरक असूनही जे नाहीसं झालं ते एकाच पद्धतीने झालं हे माझ्या मनातून जात नाही.

मागच्या महिन्यात आईला फोनवर विचारलं, पुतळ्यांवर काय होतं गं? लक्ष्मी की अजून कोण? ती बराच वेळ गप्प होती. म्हणाली, कमळ होतं बहुतेक हातात. मग म्हणाली, नक्की नाही सांगता येत. आजीचा लग्नातला एकच फोटो आहे, त्यात माळ म्हणजे गळ्याखाली पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. मांखिंगच्या नाण्यांचे निदान फोटो आहेत, अभ्यास झालेला आहे, कुणीतरी ती निरखून बघितली होती. आमच्या पुतळ्या एवढी वर्षं घरात होत्या आणि आम्ही कुणीच कधी एक पुतळी हातात घेऊन नीट पाहिली नाही. तुमच्या घरात असतील तर मोडायच्या आधी, अगदी मोडायच्या नसतील तरी, दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, उजेडात, जवळून.

परवा आईने कपाट आवरताना सोनाराची ती चिठ्ठी सापडली म्हणून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. निळ्या शाईत लिहिलंय, पुतळी माळ नग १, पुतळ्या २३, वजन ३४ ग्रॅम २००, घट ६००, निव्वळ ३३ ग्रॅम ६००. खाली सही.