जुन्या घराची नळाची लाइन बदलताना: नागपुरातला माझा अनुभव

घर महाल भागातलं, लाइन जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची), आणि लक्षणं ठरलेली. सकाळची पहिली बादली तांबूस. गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली, तरी बाथरूमच्या नळाला करंगळीएवढी धार आणि गरम पाण्याची त्याहून बारीक. आतला जस्ताचा थर संपला की लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि अर्ध्या इंची पाइपात पेन्सिल जाईल एवढीच वाट उरते. विहिरीचं किंवा बोअरचं जड पाणी चढवत असाल तर वरून क्षारही बसतात, गिझरच्या बाजूला जास्त.

तोडफोडीआधी गळती कुठे आहे ते पाहिलं. नळाला पाणी चालू असताना टाकीकडे जाणारी चावी आणि सगळे थेट नळ बंद करायचे. तरीही मीटरमधलं छोटं चक्र फिरत असेल तर गळती मीटरपासून त्या चाव्यांपर्यंतच्या लाइनमध्ये आहे. ते थांबलं असेल तर रात्री टाकीतल्या पातळीला खूण करून सकाळी बघायचं. पातळी उतरली तर आधी फ्लश टँकवर संशय घ्या. त्यात थोडा खायचा रंग टाका. कोणी फ्लश न करता अर्ध्या तासात भांड्यात रंग उतरला तर तळाचा वॉशर गेलाय. भिंत फोडायची गरजच नाही.

प्लंबर बहुधा सुचवतात की गळका तुकडा तेवढा बदलू. पन्नास वर्षं जुन्या जीआयला हे मानवत नाही. आटे पाडलेल्या जागी पाइपाची जाडी सगळ्यात कमी असते, म्हणून तो तिथेच आधी कुजतो. एका जोडावर पाना लावून जोर दिला की पीळ पुढच्या जोडाला बसतो आणि आठवड्याने तो गळायला लागतो. म्हणून जुनी लाइन दोन्ही टोकांना प्लग लावून भिंतीतच सोडली आणि सीपीव्हीसीची (गरम पाणीही झेपणाऱ्या प्लास्टिकची) नवी लाइन भिंतीबाहेरून नेली. दिसायला बरी नाही, मान्य. पण चुन्याच्या जुडाईत पाइपासाठी खाच मारली की विटांमधले सांधे सुटतात, आणि उघड्या लाइनची गळती त्याच दिवशी दिसते.

टाकीतून उतरणारी मुख्य लाइन एक इंची, प्रत्येक बाथरूमपर्यंत पाऊण इंची आणि अर्धा इंच फक्त शेवटच्या नळापुरता. टाकी नळापेक्षा दहा फूट उंच असेल तर दाब जेमतेम 0.3 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) मिळतो. पूर्ण लाइन अर्ध्या इंची केली तर तोही वाटेतच संपतो. टाकीच्या तोंडाशी बॉल व्हॉल्व्ह, त्याच्या लगेच पुढे टी (तीन तोंडांचा जोड) घालून हवेसाठी उभा एअर पाइप, आणि त्याचं टोक टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर. हा नसला की टाकी रिकामी होऊन भरली की लाइनमध्ये हवा अडकते आणि नळ फुसफुसत बसतात. गरम लाइनला एसडीआर 11 चा, म्हणजे जाड भिंतीचा, पाइप घेतला. गिझरला सीपीव्हीसी थेट न जोडता मध्ये फूटभर धातूचा तुकडा ठेवला. नळ बसतो तिथे पितळी आट्यांचे एल्बो (काटकोनी जोड). नुसत्या प्लास्टिकच्या आट्यात नळ आवळला की तो फाटतो. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने आठ-दहा वेढे. जीआयच्या सवयीने कोणी सफेदा आणि सुतळी काढली तर तिथेच थांबवा, सफेद्यातलं तेल सीपीव्हीसीला चालत नाही.

जोडकाम सोपं आहे, पण हयगय चालत नाही. पाइप कटरने काटकोनात कापा, काठावरची कूस काढा, कोरड्या फडक्याने पुसा. सोल्यूशन (पाइप चिकटवायचं द्रावण) पाइपाला बाहेरून आणि फिटिंगला आतून लावा, पाव वळसा देत पूर्ण आत ढकला आणि तीसेक सेकंद दाबून धरा, नाहीतर पाइप मागे सरकतो. नागपूरच्या मे महिन्यात सोल्यूशन ढकलण्याआधीच वाळतं. उन्हाळ्यातच काम काढावं लागलं तर सकाळी लवकर करा आणि डबा सावलीत ठेवा. मी दिवाळीनंतर काढलं. जोडांना चोवीस तास दिल्यावर हातपंपाने पाच-सहा किलो दाब भरून काटा तासभर पाहिला.

गच्चीवरचा भाग मात्र वेगळा विचार मागतो, आणि तिथेच बहुतेक जण फसतात. सीपीव्हीसी तापला की चांगलाच लांबतो: तापमान 40 अंशांनी वाढलं तर दहा मीटरचा पाइप साधारण एक इंच. दोन्ही टोकं घट्ट असतील तर तो कमान करतो आणि कोपऱ्यातला एल्बो तडकतो. लांब सरळ धावेत एल्बो घालून एक वळसा दिला, दर तीन फुटांवर क्लॅम्प लावले, पण पाइप सरकेल इतके सैल. उन्हाने पाइप ठिसूळ होतो म्हणून वरून पांढरा पाण्यातला अॅक्रेलिक रंग. ऑइल पेंट नको.

सांडपाण्याची बाजू वेगळीच. ज्या भागात काळी माती आहे तिथे ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि जमिनीतल्या स्टोनवेअर (भाजलेल्या मातीच्या) पाइपांचे जोड उघडतात. मग झाडाची मुळं आत शिरतात. चेंबर वारंवार तुंबत असेल तर बांबू घालत बसू नका, उकरून चार इंची पीव्हीसी टाका. उतार चाळीस फुटांना एक फूट.

वापरात नसलेल्या बाथरूमला उन्हाळ्यात वास येतो, झुरळं येतात, कारण नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या भागातलं, वास अडवणारं पाणी वाळून जातं. आठवड्याला एक तांब्या पाणी ओता. सुट्टीत गावाला जाताना वरून चमचाभर गोडं तेल सोडलं तर ते पाणी बरेच दिवस टिकतं. आणि घरातल्या सगळ्या चाव्या दर तीन महिन्यांनी एकदा पूर्ण बंद करून उघडा. वर्षानुवर्षं न फिरवलेली गेट व्हॉल्व्हची चावी नेमकी पाइप फुटल्यावर फिरत नाही.