तटाच्या आधीचं शहर

माझी आजी बेगमपुऱ्यात राहायची. गुलमंडीला कापड आणायला निघाली की पिशवी काखोटीला मारून सांगायची, “गावात जाऊन येते.” मला लहानपणी याचं फार नवल वाटायचं. आम्ही परभणीहून सुट्टीला औरंगाबादेत आलेले, म्हणजे मोठ्या शहरातच होतो की! मग आजीचं हे गाव आणखी कुठलं? तिला विचारायचं राहून गेलं. आता शहर छत्रपती संभाजीनगर झालंय, आजी जाऊन बरीच वर्षं झालीत, पण तो प्रश्न काही गेला नाही. गेल्या डिसेंबरात दोन दिवस काढले आणि जुना नकाशा हातात घेऊन शहराची मूळ हद्द पायी शोधायला निघालो.

नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाचा, शीट 47 एम/5, जुन्या मापाचा, एक इंचाला एक मैल. त्यावर अख्खं तटबंद शहर जेमतेम दोन इंचांत बसतं. घरी बसून मी तो उपग्रहाच्या चित्रावर चढवायचा प्रयत्न केला होता. शीटच्या कडेला छापलेले अक्षांश-रेखांश जुळवले, तर बीबी-का-मकबऱ्याचा घुमट मकबऱ्याच्या बाहेर जाऊन बसला. जुन्या सर्वेक्षणात पृथ्वीचा आकार जसा धरलाय तसा आपल्या फोनमध्ये धरत नाहीत, त्यामुळे सगळं शंभरेक मीटर सरकतं. शेवटी अक्षांश-रेखांश सोडले आणि न हलणाऱ्या खुणा धरल्या: मकबरा, दिल्ली दरवाजा, भडकल दरवाजा, रेल्वे स्टेशन. तेव्हा कुठे नकाशा जमिनीवर टेकला.

सोबत मामा होते. भूमी अभिलेखमधून निवृत्त झालेले भूकरमापक. जमीन मोजायची 33 फुटांची शंकू साखळी ओढत त्यांची हयात शिवारांत गेली. स्टेशनच्या बाहेर चहा घेताना त्यांनी माझा कागद उलटसुलट केला आणि म्हणाले, “रस्त्याच्या मागं लागू नको लेकरा. रस्ता जागा सोडतो. पाणी बघ, देऊळ बघ, कबरस्तान बघ. ही माणसं कुठं जात नसतात.” देवळाला आणि कबरस्तानाला ते ‘माणसं’ म्हणाले, ते मला फार आवडलं.

स्टेशन 1900च्या सुमारास आलं, हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेबरोबर, आणि आलं ते गावाबाहेर दक्षिणेला. जुन्या शीटवर स्टेशन आणि पैठण दरवाजा यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा दिसते. आज तिथे एक वीतभर जमीन रिकामी नाही. आम्ही पदमपुऱ्यातून करणपुऱ्यात शिरलो.

करणपुऱ्याची देवी म्हटलं की आपल्याला नवरात्रातली जत्रा, पाळणे, रेवड्या आठवतात. डिसेंबरात मात्र मैदान सुनं होतं. देवळाच्या पायरीवर बसून मामांनी सहज विचारलं, “हा करण कोण रे?” बिकानेरचा राजा करणसिंह, मी सांगितलं. मोगलांच्या बाजूनं दख्खनेत आला, इथेच त्याची छावणी पडली, आणि 1669 मध्ये इथेच वारला. पदमपुऱ्याचा पदमसिंह हा त्याचाच मुलगा. मामा थोडा वेळ गप्प राहिले. “आणि तट कवाचा?” 1682चा. औरंगजेब स्वतः औरंगाबादेत येऊन पोचला, त्या वर्षीचा. मराठ्यांच्या फौजांपासून शहर वाचवायला बांधलेला.

“म्हणजे पुरा आधीचा, तट नंतरचा.” पुरा म्हणजे वेगळी वसवलेली वस्ती.

वर्षानुवर्षं मी उलटं धरून चाललो होतो. आपल्याला वाटतं, आधी तट होता, तटात शहर मावेना, म्हणून बाहेर वस्त्या वाढल्या. पुण्या-मुंबईच्या उपनगरांसारखं. इथे तसं झालेलं नाही. जयसिंगपुऱ्याचं नाव ज्याच्यावरून पडलं तो मिर्झाराजे जयसिंह 1667 मध्ये वारला. मकबरा उभा राहिला 1660च्या आसपास. म्हणजे हे पुरे नांदते होते, त्यांच्यात विहिरी होत्या, देवळं-मशिदी होत्या, आणि मग कुणीतरी त्यांच्या मधून एक रेघ ओढली. काही पुरे आत पडले, काही बाहेर राहिले. ‘बावन्न पुरे आणि बावन्न दरवाजे’ असं आपल्याकडे अभिमानानं म्हणतात. त्यातले पुरे आधी येतात, ते बोलण्यातही आणि काळातही. तटावरून शहराची मूळ हद्द शोधणं म्हणजे नंतर घातलेल्या कुंपणावरून शेत ओळखणं. मामांनी नोकरीत नेमकं हेच कधी केलं नव्हतं.

मग मूळ हद्द कुठली? त्यासाठी खाम नदी ओलांडून भडकल दरवाज्याला गेलो. टाऊन हॉलच्या जवळ, वाहनांच्या गराड्यात हा दरवाजा उभा आहे. रोज हजारो लोक त्याच्या शेजारून जातात. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून 1612 मध्ये तो बांधला. तो 1682च्या तटात नाही, तटाच्या आत सुटा उभा आहे, आणि तटापेक्षा सत्तर वर्षांनी मोठा आहे. खडकी नावाच्या खेड्याच्या जागी अंबरनं 1610 मध्ये निजामशाहीची राजधानी वसवली, त्या शहराचा हा सगळ्यात ठळक उरलेला पुरावा. जवळच त्यानं नौखंडा महाल बांधला. 1616 मध्ये रोशनगावच्या लढाईत अंबर हरला आणि मोगलांनी खडकी लुटली, 1621 मध्ये पुन्हा उद्ध्वस्त केली. दोन्ही वेळा ती उभी राहिली. अंबर 1626 मध्ये गेला, मुलानं गावाला फतेहनगर म्हटलं, पुढे शहजादा औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झालं. नावं बदलत गेली तरी वस्ती मोडली नाही, याचं कारण मामांच्या मते एकच: नहर. अंबरनं उत्तरेच्या डोंगराकडून जमिनीखालून पाणी आणलं. “पाणी जिथवर पोचलं तिथवर गाव. तुझ्या नकाशात नहर आहे का बघ.” नव्हती. जमिनीखालचं पाणी मैल-इंचाच्या शीटवर कुठून येणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी मकई दरवाजा. पुलावर धुकं होतं, खामच्या पाण्याला वास होता, आणि तरी दरवाजा देखणा दिसत होता. इथे तटाचा थोडा भाग हाताला लागतो. मी बराच वेळ त्याच्याशी उभा राहिलो. खाली आपला काळा बसाल्ट, ओबडधोबड घडलेला, मोठाल्या दगडांच्या फटींत लहान चिपा ठोकून बसवलेल्या. वर वीटकाम. चुन्यात विटेचा लालसर चुरा दिसतो, नख लावलं तर नखच झिजतं. एका फटीतून पिंपळाचं रोप वर आलं होतं, बोटाएवढं. मामांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “हे आत्ता उपटलं तर निघंल. पाच वर्षांनी हेच भिंत उपटंल.” त्यांच्या बोटांना सवय होती, रोप मुळासकट अलगद निघालं.

पाणचक्कीला थोडंच थांबलो. 1744 मधली ही गिरणी सगळ्यांनी पाहिलेली असते, पण हौदाकडे पाठ करून पाणी ज्या उंच भिंतीवरून खाली पडतं तिच्या मागे काय आहे ते कुणी बघत नाही. डोंगरातून खापरी नळांनी आलेलं पाणी आपल्याच दाबानं त्या उंचीवर चढतं. पंप नाही, मोट नाही. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी त्यावर पीठ दळलं जायचं.

जयसिंगपुऱ्यातून बेगमपुऱ्यात पोचेपर्यंत ऊन चढलं. थत्ते हौदाच्या बाजूला एका ओट्यावर बसलो. समोरच्या घरातल्या काकूंनी पाणी दिलं, कुणाकडे आलात विचारलं, आजीचं नाव सांगितल्यावर लांबूनच का होईना ओळख निघाली. आजीचं घर आम्ही कधीच विकलं, त्या जागी आता तीन मजली इमारत आहे. मला वाटलं, इथे बघण्यासारखं काही उरलं नाही.

तेव्हा मामांनी पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली. आजीच्या घराचं जुनं खरेदीखत! निजामाच्या राजवटीतलं, उर्दूत, घड्यांवर विरलेलं. त्यांनी ते दोन दिवस माझ्यापासून लपवून ठेवलं होतं. उर्दू त्यांना नोकरीनं शिकवली. मराठवाड्यात जमिनीचं काम करायचं तर सेतवार, फैसल पत्रक असे जमिनीचे जुने कागद वाचता यायलाच हवेत, निदान त्यांच्या पिढीला. एका ओळीवर बोट ठेवून ते वाचू लागले. हुदूद-ए-अर्बा, म्हणजे आपली चतुःसीमा. पूर्वेला गल्ली, पश्चिमेला शेजाऱ्याचं घर, उत्तरेला वाट. आणि दक्षिणेला एकच शब्द: फसील.

फसील म्हणजे तट. शहराचा मोठा तट इथून लांब. हा बेगमपुऱ्याचा स्वतःचा. आजीच्या घराची मागची भिंत तटाला लागून होती. तिच्या पुऱ्याला त्याची त्याची हद्द होती, आणि ती ओलांडून, मग मोठा तट ओलांडून, ती खरोखरच दुसऱ्या गावात कापड घ्यायला जायची. तिच्या बोलण्यात काही चूक नव्हती. मी त्या इमारतीच्या मागे जाऊन पाहिलं. तट नाही, पण दोन घरांच्या मधली जमीन हातभर उंच आहे, सरळ रेषेत, आणि तिच्यावर कुणीच बांधकाम केलेलं नाही. मी खाली बसून मातीत हात घातला. चुन्याचे पांढरे खडे लागले.

दुपारनंतर दिल्ली दरवाजा, तिथून पूर्वेकडून रोशन दरवाजा आणि मोंढ्याजवळचा जाफर दरवाजा. पायांनी जवाब दिला होता, त्यामुळे ही बाजू धावतच झाली. पुन्हा जायचं आहे.

माझ्या नकाशावर आता पेन्सिलीनं दोन रेघा आहेत. एक 1682च्या तटाची, पुष्कळशी पक्की. दुसरी खडकीची, भडकल दरवाज्याभोवती, तुटक. ही तुटक रेघ भरायला मोठा नकाशा मिळणार नाही, ती घराघरांतल्या कागदांत आहे. तुमचं जुनं घर या शहरात असेल, नवाबपुऱ्यात, किराडपुऱ्यात, जयसिंगपुऱ्यात, कुठंही, तर लोखंडी कपाटातलं खरेदीखत काढा. उर्दूत किंवा मोडीत असेल तर वाचता येणारं माणूस गाठा, अजून काही आहेत. चारही बाजू वाचा. कुठल्या बाजूला ‘फसील’, ‘नहर’ किंवा ‘दरवाजा’ लिहिलेलं सापडलं तर मला कळवा. मामा म्हणतात, साखळी अजून माळ्यावर आहे, ते येतील.