शाव

माझं माहेर दादरचं. लग्न होऊन सदाशिव पेठेत आले त्याच आठवड्यात सासरी पहिली दुरुस्ती झाली ती "चावी"ची. "चावी हिंदीत. मराठीत किल्ली म्हणायचं," असं ह्यांनी सांगितलं आणि पुढची एकतीस वर्षं न कंटाळता सांगत राहिले. मीही तितकीच वर्षं चावीच म्हणत राहिले.

मागच्या ऑक्टोबरात आम्ही मुलाकडे नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला होतो. तिसऱ्या आठवड्यात तोच बहुधा आम्हाला कंटाळला, कारण त्यानं परस्पर लिस्बनची तिकिटं काढली. "शनिवार-रविवार दोघंच जाऊन या. आणि आई, यादी करू नकोस." मी यादी केली. विमानतळावर ह्यांच्या खिशात ठेवायला दिली. ती परत आल्यावर धुतलेल्या पँटमधून लगदा होऊन निघाली.

खोली आल्फामात होती, शहराच्या जुन्या भागात. गल्ल्या अशा की समोरच्या खिडकीतले वाळत घातलेले मोजे हाताला लागावेत. तीन मजले, लिफ्ट नाही, आणि वर पोचलो तर कुलूप उघडेना. ह्यांनी डावीकडे फिरवून पाहिलं, उजवीकडे फिरवून पाहिलं, शेवटी खांदा लावला. त्या आवाजानं खालची म्हातारी वर आली. पोटाशी ॲप्रन, हाताला कांद्याचा वास. हात पुढे करून म्हणाली, "शाव." आम्ही ढिम्म. मग ह्यांच्या मुठीकडे बोट दाखवून पुन्हा, जरा दटावून, "शाव!"

"अहो, चावी मागतायत त्या!"

तिनं दार स्वतःकडे ओढलं, चावी जराशी मागे घेतली आणि फिरवली. उघडलं. आमच्या वाड्याच्या दिंडीदरवाज्याला हीच युक्ती लागायची, पण ह्यांना ती आठवली नाही. मी तिकडे लक्षच दिलं नाही. मी फोनवर शोधत होते. पोर्तुगीजमधलं 'शाव', तेच आपल्याकडे येऊन चावी झालं. हिंदीतही तिथूनच गेलंय. मी काही बोलले नाही, नुसता फोन ह्यांच्यापुढे धरला. हे म्हणाले, "आधी चहाचं बघू."

चहाचं काही जमलं नाही. त्याऐवजी 'बिका', म्हणजे दोन घोटांची कडू कॉफी, आणि वर दालचिनी भुरभुरलेलं अंड्याच्या कस्टर्डचं पेस्ट्रीसारखं काहीतरी. ते मात्र प्रत्येकी दोन. पैसे द्यायला गेलो तर त्यांचा शब्द 'पगार'. आपल्याकडे पगार येतो, त्यांच्याकडे जातो. मग दिवसभर हाच खेळ झाला. भाजीवाल्याकडे बटाटा बटाटाच आणि अननस अननसच, कोबी 'कोव्ह'. साबण, पाव, नाताळ, सगळी आपलीच मंडळी, फक्त नाकातून बोलणारी.

शनिवार म्हणून फेइरा दा लाद्रा हा बाजार भरला होता. लाद्रा म्हणजे चोरटी. मंगळवारी आणि शनिवारी भरतो. आपला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी, एवढाच काय तो फरक. चादरीवर फुटक्या निळ्या फरशा, एक पाय नसलेली बाहुली, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो, आणि एका पत्र्याच्या डब्यात गंजलेल्या चाव्यांचा ढीग. त्यातली एक वीतभर लांबीची मी उचलली. पाच युरो म्हणाला. ह्यांनी तीनवर आणली. कुठलंही कुलूप नसलेल्या वस्तूसाठी घासाघीस करताना हे इतके खुशीत होते की मध्ये बोलवेना.

नंतर सांता लुझियाच्या कठड्याशी बसलो. खाली तेजू नदी, इतकी रुंद की समुद्रच म्हणावा. दोन तास बसलो. पर्वती चढलो तर वर पाच मिनिटं टेकतो आणि कुकर लावायचाय म्हणून उतरतो. इथे कुकर नव्हता. अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम मात्र राहिली, तिला आपल्या पीएमपीसारखीच गर्दी होती.

रविवारी बेलेमला जेरोनिमोश मठाच्या चर्चमध्ये वास्को द गामाची कबर पाहिली. हात जोडून आडवा, दगडाचा. 1498 मध्ये कालिकतला आलेला हाच. सगळे शांत उभे असताना हे माझ्या कानाशी वाकले. मला वाटलं, काहीतरी गंभीर सांगतायत.

"1739. वसई."

पोर्तुगीजांकडून वसई जिंकणाऱ्या चिमाजी अप्पांची समाधी पुण्यात ओंकारेश्वराशी आहे. हे रोज तिच्यासमोरून स्कूटर नेतात, कधी थांबलेले मी पाहिले नाहीत.

ती गंजकी चावी आता पुण्याच्या घरी दाराशेजारच्या खिळ्याला आहे, खरी चावी तिच्याच बाजूला. परवा बाहेर पडताना मी चपला घालत होते. हे जिन्यात दोन पायऱ्या उतरून थांबले. किल्ली म्हणायला तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"शाव घेतलीस ना?"